उकड्याचा भात शिजेपर्यंत

(पडद्यावर: सकाळची सुकती, म्हणजे ओहोटी. काळे खडक. वाकलेल्या बायका. संगीत नाही, फक्त दगडावर लोखंड आपटल्याचा आवाज.)

वेंगुर्ल्याहून शिरोडा मागे टाकून रेडीच्या दिशेनं निघालं, की समुद्र मागे सरल्यावर असे खडक उघडे पडतात. या खडकांना कालवं घट्ट चिकटलेली असतात. पाणी परत चढायच्या आत जेवढी निघतील तेवढी काढायची. कंबरेत वाकून, एका हातानं शिंपल्याची कड चाचपडत, दुसऱ्या हातातल्या टोकदार लोखंडानं ती फोडत. कड धारदार असते. या बायकांच्या बोटांवर बारीक पांढऱ्या रेघा दिसतात ना, त्या जुन्या कापल्याच्या आहेत.

हा ठक ठक आवाज मी लहानपणापासून ऐकत आलेय. सिनेमात मात्र तो कधी ऐकला नाही. सिनेमातलं कोकण म्हणजे माडांच्या रांगा, होड्या आणि लाटा. त्यातच कुठेतरी डोक्यावर पाटी घेऊन ठुमकत जाणारी कोळीण. ती नाचते, हसते, मासळी घ्या म्हणून आर्जव करते. पण मासळी विकून झाल्यावर पैसे मोजताना ती मला कुठल्याच गाण्यात दिसलेली नाही.

(पडद्यावर: संध्याकाळ. शेणानं सारवलेलं खळं. भिंतीवर पांढरी चादर ताणून बांधली जातेय.)

थंडीच्या दिवसांत आम्ही आमच्या वाडीतल्या एका खळ्यात काही लघुपट दाखवले. आफ्रिका, अमेरिका, न्यूझीलंड आणि आपल्या देशातल्या बायकांनी केलेले. कालवंवाल्या आल्या, काजूच्या कारखान्यात गर सोलायला जाणाऱ्या आल्या, चार-पाच सासवा आणि पोरंसोरंही आली. सुरू करण्याआधी एका काकींनी एकच प्रश्न विचारला, "उकडो भात शिजासर सोपात मां?"

चुलीवर उकड्या तांदळाचं आधण ठेवून आल्या होत्या त्या.

लघुपट लांबीला लहान का असतो, याचं इतकं नेमकं उत्तर मला कुणी दिलेलं नाही. फिल्मचं रीळ महाग होतं. मोठ्या सिनेमाला पैसा घालणारे पैसा घेऊन बायकांकडे येत नव्हते, काळ्यासावळ्या बायकांकडे तर नाहीच. मग जेवढं रीळ हाती लागलं, जेवढे दिवस मिळाले, तेवढ्यात जे सांगायचं ते सांगून टाकायचं. दहा मिनिटं, सतरा मिनिटं, पंचवीस मिनिटं. बघणारीकडेही तेवढाच वेळ असतो.

पहिला लघुपट सारा माल्दोरोर यांचा होता, 'मोनांगांबे'. वडील कॅरिबियन समुद्रातल्या ग्वादलूप बेटाचे, जन्म 1929 साली फ्रान्समध्ये. मॉस्कोत सिनेमा शिकून त्या अल्जीरियात गेल्या. तिथे 1960 चं दशक संपत असताना त्यांनी अंगोलाविषयी हा सतरा-एक मिनिटांचा लघुपट केला. त्या वेळी अंगोला पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. तेरेखोलच्या खाडीपलीकडे, गोव्यात, 1961 पर्यंत होते, तेच पोर्तुगीज.

गोष्ट एवढीशी आहे. तुरुंगातल्या नवऱ्याला बायको भेटायला येते. जाताना सांगते, तुझ्यासाठी 'कंप्लेतो' आणते. अंगोलातल्या बोलीत हे एका जेवणाचं नाव, माशाचं साधं घरगुती जेवण. पण पोर्तुगीज भाषेत त्याच शब्दाचा अर्थ होतो अख्खा सूट, कोट-पँटसकट. पहारेकऱ्यांच्या कानावर तो शब्द पडतो. साहेब विचारात पडतो. कैद्याला सूट कशाला हवा? पळून जायचा बेत असणार, कोर्टात मिरवायचा डाव असणार. मग त्या माणसाला मार बसतो. बायकोच्या तोंडून जेवणाचं नाव निघालं, एवढ्यावरून.

चादरीवर तो माणूस कोठडीत पडलेला दिसत होता. मी मालवणीत अर्थ सांगत होते, पण खरं तर सांगायची गरजच उरली नव्हती. एक मावशी मध्येच बोलल्या, "निस्त्याक घेवन येतंय असा सांगल्यार सायबाक काय कळतला?" निस्त्याक म्हणजे आमची मासळी. कुणीच हसलं नाही. कचेरीत, दवाखान्यात, पोरांच्या शाळेत आपली बोली गिळून बोलायची सवय आहे इथल्या बायकांना. बोललेल्या शब्दाचा समोरच्यानं भलताच अर्थ लावला, तर भोगायचं आपल्यालाच, हे त्यांना ठाऊक आहे. माल्दोरोर यांच्या कॅमेऱ्याला तो शब्द ऐकू आला, कारण स्वयंपाकघरातला शब्द हीसुद्धा राजकारणातली गोष्ट आहे हे त्यांना कळत होतं. युद्धावरचा सिनेमा म्हटला की लोक तोफा दाखवतात. या बाईनं एका जेवणाचं नाव दाखवलं.

(पडद्यावर: दशावताराचा रंगपट. आरशासमोर पुरुष नट कपाळाला कुंकू लावतोय.)

आपल्याकडे दशावतारात बाईचं सोंग पुरुषच घेतो, आणि ते सुंदर घेतो, हे मी मनापासून सांगते. जत्रेत पहाटेपर्यंत बसून मी त्या राण्यांसाठी रडलेय. सिनेमाही तसाच सुरू झाला. दादासाहेब फाळक्यांच्या 1913 च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती झाले अण्णा साळुंके. पण त्याच घरात सरस्वतीबाई फाळके कोऱ्या फिल्मला कडेनं भोकं पाडत होत्या, रसायनं कालवत होत्या, फिल्म धूत होत्या आणि सगळ्या माणसांचं जेवणही रांधत होत्या. बाई पडद्यावर यायच्या आधीपासून तिचे हात सिनेमात होते. ते फक्त दिसत नव्हते.

ज्युली डॅश या आफ्रिकन अमेरिकन दिग्दर्शिकेचा 1982 चा 'इल्युजन्स' यावरच आहे. चौतीस मिनिटांचा. काळ 1942 चा, जागा हॉलिवूडमधला एक स्टुडिओ. गोऱ्या नटीचे ओठ हलतायत आणि तिच्यासाठी काळी गायिका गातेय, काचेपलीकडे उभी राहून. आवाज हवा, चेहरा नको. आमच्या खळ्यातल्या पोरींना हा सगळ्यात जास्त आवडला.

आता रंगाविषयी. अमेरिकेत 'विमेन ऑफ कलर' असा शब्द आहे. 1977 साली ह्यूस्टनला बायकांचं मोठं राष्ट्रीय संमेलन भरलं, तिथे काळ्या, लॅटिन, आशियाई आणि मूळनिवासी बायका एकत्र आल्या आणि आपल्या सगळ्यांना मिळून एक नाव असावं म्हणून हा शब्द पुढे आला, असं लोरेटा रॉस या कार्यकर्तीनं सांगितलंय. वर्णनापेक्षा तो एकजुटीचा शब्द होता. मराठीत त्याला नेमका प्रतिशब्द मला सापडत नाही. आपल्याकडे रंग येतो तो स्थळं बघताना. मुलगी सावळी आहे पण नाकीडोळी नीटस. या 'पण'वर वाडीतली प्रत्येक बाई आयुष्यात एकदा तरी अडखळलेली आहे. उन्हात जाऊ नकोस, काळी पडशील, असं ऐकत मोठं व्हायचं आणि मग आयुष्यभर उन्हात वाकून कालवं काढायची.

आणि कॅमेराही निष्पाप नव्हता. विसाव्या शतकाच्या मध्यापासून कित्येक वर्षं रंगीत फोटो धुणाऱ्या प्रयोगशाळांत कोडॅक कंपनीचं एक कार्ड वापरायचे. त्यावर एका गोऱ्या बाईचा फोटो असायचा. त्याला नाव पडलं 'शर्ली कार्ड'. तिची कातडी बरोबर उमटली म्हणजे रंग बरोबर, असा हिशेब. त्या मापात सावळ्या माणसांचे चेहरे बुडून जायचे, नुसते डोळे आणि दात दिसायचे. पुढे फिल्म सुधारली. पण त्यामागे मोठा रेटा होता तो चॉकलेट आणि लाकडी सामान विकणाऱ्या कंपन्यांचा. आपल्या मालाच्या तपकिरी छटा जाहिरातीत नीट उमटत नाहीत, ही त्यांची तक्रार. माणसांच्या चेहऱ्यांसाठी जे घाईनं झालं नाही, ते चॉकलेटसाठी झालं. हे वाचलं तेव्हा मला रात्रभर झोप आली नव्हती.

(पडद्यावर: मोबाइलचा पडदा. त्यात एका बाईचा चेहरा, अस्वाभाविक उजळ. हात मात्र जसे आहेत तसे.)

हे जुनं झालं असं वाटेल. आमच्यातल्या एका मुलीनं, बारावीत आहे ती, आईचा व्हिडिओ घेतला. मोबाइलनं आपणहून आईचा चेहरा गुळगुळीत आणि गोरा करून टाकला. गळ्याखाली आई तिच्या रंगाची, वर कुणी दुसरीच. मुलगी बराच वेळ त्या चित्राकडे बघत राहिली. मग सेटिंगमध्ये जाऊन तिनं तो ब्युटी मोड शोधून बंद केला. या सगळ्या खटाटोपातलं मला सगळ्यात मोलाचं वाटलेलं काम हेच.

(पडद्यावर: समुद्राकडे उतरत गेलेली टेकडी. कडेनं नवं तारेचं कुंपण.)

न्यूझीलंडच्या मेराता मिता माओरी होत्या. ऑकलंडच्या समुद्रावर टाकापराव्हाऊ नावाची टेकडी आहे, इंग्रजांनी तिला बॅस्टियन पॉइंट म्हटलं. माओरींची ही जमीन सरकारनं महागड्या घरांसाठी द्यायचं ठरवलं, तेव्हा न्गाती व्हातुआ या माओरी जमातीचे लोक तिथे जाऊन बसले. 506 दिवस बसले. 507 व्या दिवशी, 25 मे 1978 ला, पोलीस आणि लष्कराची वाहनं आली, 222 जणांना अटक झाली. मिता आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी तो एक दिवस चित्रित केला. सत्तावीस मिनिटांचा लघुपट आहे. त्यात कॅमेरा पोलिसांच्या मागे सुरक्षित उभा नाही, तो बसलेल्यांच्या बाजूनं आहे. 1988 मध्ये ती जमीन परत देण्याचा निर्णय झाला.

समुद्र दिसणारी जमीन म्हटल्यावर आमच्या खळ्यात शांतता पसरली. भावांच्या सांगण्यावरून हक्कसोडपत्रावर सही करून दिलेल्या तिघी तरी तिथे बसल्या होत्या. सातबाऱ्यावर आता त्यांचं नाव नाही. त्या काही बोलल्या नाहीत आणि मीही विचारलं नाही.

खरी बडबड सुरू झाली ती मराठी लघुपटांवर. 1980 मध्ये दीपा धनराज आणि त्यांच्या सोबत्यांनी 'युगांतर' नावाचा गट सुरू केला. त्यांचा 1981 चा 'मोलकरीण' पुण्यातल्या घरकाम करणाऱ्या बायकांच्या संघटनेवर आहे, आणि त्यानंतरचा लघुपट निपाणीच्या तंबाखू कामगार बायकांवर. निपाणी म्हणजे आम्हाला लांब नाही, आंबोलीचा घाट चढून आजरा, गडहिंग्लज केलं की आलीच. प्रत्येकी पंचवीस-एक मिनिटं. ज्यांच्यावर लघुपट आहे त्यांच्याशी आधी बोलायचं, त्यांनी जगलेलं त्यांच्याकडूनच पुन्हा करून घ्यायचं, आणि झालेला लघुपट परत त्यांच्यातच नेऊन दाखवायचा, अशी त्यांची रीत. पुण्याच्या सुमित्रा भावे यांनीही 1985 चा 'बाई' याच ओढीनं केला. वस्तीतल्या बायकांवर केलेलं संशोधन कागदावर राहिलं तर त्या बायकांपर्यंत कधी पोहोचणार नाही, म्हणून.

तंबाखूच्या धुरळ्यात तोंडाला पदर बांधून बसलेल्या बायका दिसल्या, आणि काजूवाल्या एकदम पुढे सरकल्या. काजूच्या टरफलातलं तेल हाताला लागलं की कातडी भाजते, काळी पडते, सोलवटते. कुणी हाताला राख चोळतं, कुणी खोबरेल. एकीनं आपले तळवे प्रोजेक्टरच्या उजेडात धरले आणि दुसरीला दाखवले. चादरीवर निपाणीच्या बायका आणि त्यांच्यावर या हातांच्या सावल्या. मी शूटिंग करत होते, पण त्या क्षणी कॅमेरा खाली ठेवला. तो क्षण या फिल्ममध्ये नाही.

पायल कपाडियांच्या सिनेमाला 2024 साली कानच्या चित्रपट महोत्सवात 'ग्रां प्री' हे बक्षीस मिळालं. त्यात मुंबईच्या इस्पितळात स्वयंपाक करणारी एक बाई रत्नागिरीकडच्या आपल्या गावी परत येते. छाया कदम यांनी ती भूमिका केलीय. आमच्या बायकांना कौतुक बक्षिसाचं नव्हतं. बाई सामानसुमान घेऊन गावी परत येते, याचं होतं. मुंबईकर म्हणजे पुरुष, असंच आजवर ठरलेलं.

(पडद्यावर: परत खडक. या वेळी चित्र हलतंय, श्वासाबरोबर वरखाली होतंय.)

आता बघताय तो तुकडा त्या बारावीतल्या मुलीनं घेतलेला आहे. अकरा मिनिटांचा लघुपट आहे तिचा, आईवर. कॅमेरा आईच्या मनगटाच्या उंचीवर धरलाय, कारण तीही शेजारी तशीच वाकून बसली होती. शिंपला उघडतो, आतलं राखाडी, थरथरणारं मांस दिसतं, खारं पाणी बोटांवरून ओघळतं. एका कालवावर ती चाळीस सेकंद थांबलीय. मी तिला म्हटलं होतं, जरा कमी कर. तिनं ऐकलं नाही, आणि तिचंच बरोबर होतं.

तिनं तो आधी आईला दाखवला. माऊली चुलीसमोर बसून शेवटपर्यंत बघत राहिली. मग म्हणाली, "हात दिसतत, कालवां दिसतत. मी पैसे मोजतंय तां खंय गेला?"

मुलीनं ते चित्रित केलं होतं, पण काढून टाकलं होतं. पैसे बरे दिसणार नाहीत, असं तिला वाटलं होतं. काढलेला तुकडा परत मिळाला नाही, मोबाइलमध्ये जागा नव्हती. म्हणून पुढच्या सुकतीला दोघी पुन्हा उतरल्या.

(पडद्यावर: बाजारातला कोपरा. ओले हात पदराला पुसले जातात. गिऱ्हाईक नोटा पुढे करतं. बोटांवरच्या पांढऱ्या रेघा, ओल्या बोटांना चिकटणाऱ्या नोटा. आई सावकाश मोजते, पुन्हा मोजते, मान वर करते.)

आईचा आवाज: "आजून वीस रुपये होये."