हायड्रोजन साठवायचा कुठे?

(कोल्हापुरात उद्योजक आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो, हायड्रोजन तयार कसा करायचा यावर आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. तो ठेवायचा कुठे, हा प्रश्न मात्र मागे पडतो. जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाला मंजुरी दिली आणि २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन उत्पादनक्षमतेचे लक्ष्य ठेवले. हे उत्पादन ऊन आणि वाऱ्याच्या विजेवर व्हायचे आहे, म्हणजे ते कधी भरपूर होणार आणि कधी ठप्प होणार; हायड्रोजन वापरणारा खताचा कारखाना मात्र रात्रंदिवस चालणार. राधानगरीचे धरण पावसाळ्यातले पाणी उन्हाळ्यासाठी राखून ठेवते, तसेच काम इथे करायचे आहे, पण साठवायची वस्तू पाण्याइतकी सरळ नाही.

एक किलो हायड्रोजनमध्ये सुमारे ३३ युनिट ऊर्जा असते, म्हणजे तेवढ्याच वजनाच्या पेट्रोलच्या जवळजवळ पावणेतीन पट. अडचण आकारमानाची आहे. साध्या दाबाला हाच एक किलो वायू सुमारे १२ घनमीटर जागा व्यापतो. वातावरणाच्या ७०० पट दाब दिला, तरी एका घनमीटरात जेमतेम ४० किलो मावतो. उणे २५३ अंश सेल्सिअसला द्रवरूप केला तर ७१ किलो बसतो. परंतु द्रवीकरणातच त्यातील ऊर्जेच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास वीज खर्च होते आणि टाकी कितीही चांगली असली तरी थोडा द्रव सतत उडत राहतो. अग्निबाणासाठी हे परवडते, सहा महिन्यांच्या साठ्यासाठी नाही.

टाकीच्या धातूचाही प्रश्न आहे. वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये ओलाव्यातून हायड्रोजन शिरला की कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतीव भागात, पिनहोल (बारीक छिद्रे) पडतात, हे इथल्या फाउंड्रीवाल्यांना सांगायला नको. घट्ट, मजबूत पोलादातही तो अणुरूपाने शिरतो, धातू ठिसूळ करतो आणि ताणाखाली आतल्या आत चीर वाढत जाते.

म्हणूनच मोठ्या साठ्यासाठी जग जमिनीखाली पाहते. इंग्लंडमधील टीसाइड येथे १९७२ पासून मिठाच्या थरात कोरलेल्या पोकळ्यांत हायड्रोजन साठवला जातो. विंधनविहिरीतून पाणी सोडायचे, मीठ विरघळवायचे, खारे पाणी वर काढायचे; खाली पोकळी तयार होते. मीठ वायूला जवळजवळ अभेद्य असते, आणि दाबाखाली ते सावकाश सरकत असल्याने बारीक भेगा आपोआप मिटतात. साठ्यातला काही वायू मात्र पोकळीचा दाब टिकवण्यासाठी कायम आतच ठेवावा लागतो.

आपल्या पायाखाली मीठ नाही, बेसाल्ट आहे. लाव्ह्याच्या थरांवर थर, त्यांत सांधे आणि भेगा. याच भेगांतून आपल्या विहिरींना पाणी लागते. सर्वांत लहान रेणूचा वायू इथे तसाच कोंडून राहील अशी अपेक्षा ठेवता येत नाही. खडकात पोकळी खोदून, काँक्रीट घालून आत पोलादी अस्तर लावता येते. स्वीडनमधील लुलिओ येथे २०२२ मध्ये अशी १०० घनमीटरची प्रायोगिक साठवण सुरू झाली. भार खडक पेलतो, अस्तर फक्त गळती रोखते. हा मार्ग मला आशादायक वाटतो, पण तो स्वस्त नाही.

अमोनिया हा तिसरा मार्ग. तो उणे ३३ अंशाला द्रव होतो आणि त्याच्या एका घनमीटरात सुमारे १२० किलो हायड्रोजन बांधलेला असतो. तो विषारी आहे, आणि त्यातून हायड्रोजन परत सोडवायला पुन्हा उष्णता लागते. त्यामुळे खतासाठी त्याचा अमोनिया म्हणूनच वापर करणे शहाणपणाचे.

माझे स्पष्ट मत असे, की विजेपासून हायड्रोजन आणि हायड्रोजनपासून पुन्हा वीज, या फेऱ्यात हाती साधारण तिसरा हिस्सा उरतो. विजेवर धातू वितळवणाऱ्या इंडक्शन फर्नेसला वीज देण्यासाठी हा खटाटोप करू नये. त्यासाठी सह्याद्रीच्या कड्यांवर पाणी चढवून ठेवणारे आणि गरजेला ते खाली सोडून वीज करणारे उदंचन प्रकल्प अधिक योग्य. हायड्रोजन खत, तेलशुद्धीकरण आणि लोहखनिजापासून लोखंड काढणे यांसाठी राखावा. मोठ्या साठ्याची जागा राजस्थानात शोधावी: बिकानेरच्या बाजूला जमिनीखाली मिठाचे थर आहेत आणि ऊनही भरपूर आहे. मात्र एक घनमीटर मीठ विरघळवायला सात-आठ घनमीटर पाणी लागते, ते वाळवंटात आणायचे कुठून आणि निघालेले खारे पाणी सोडायचे कुठे, याचा हिशेब आधी मांडावा लागेल. कोल्हापूरने साठ्याची जागा होण्याचा आग्रह न धरता, त्या साठ्याला लागणाऱ्या व्हॉल्व्ह आणि कॉम्प्रेसरच्या कास्टिंगची हायड्रोजनच्या दाबाखाली चाचणी घेण्याची सोय इथे उभी करावी.