तुमच्या आजीला सांगा

नमस्कार श्रोतेहो.

आज २३ मार्च. १९३१ साली लाहोरच्या तुरुंगात भगतसिंग, सुखदेव आणि आपल्या खेडचे राजगुरू फासावर गेले, तो हा दिवस. सकाळपासून तुम्ही त्यांच्याविषयी ऐकत असालच. मी आज याच तारखेची आणखी एक गोष्ट घेऊन आले आहे, आणि ती आहे बोलिव्हियाची.

दक्षिण अमेरिकेतल्या या देशात आज दिवस उजाडला की शाळेतली मुलं खलाशांसारखे पोशाख करून रस्त्यांवरून संचलन करतील. नौदलाचा बँड वाजेल. त्यांच्या भाषेत या दिवसाला म्हणतात ‘दिया देल मार’. समुद्र दिन. आणि बोलिव्हियाला समुद्र नाही. पुन्हा सांगते, कारण पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही खरं वाटलं नव्हतं. देशाला समुद्र नाही, वीतभर किनारा नाही, पण नौदल आहे आणि समुद्र दिन आहे.

मी कोकणातली. रात्री गाज ऐकू आली नाही तर झोप न लागणाऱ्या माणसांत वाढले. समुद्र हिरावला जातो म्हणजे काय होतं, हे मला या देशाच्या इतिहासातून कळलं.

घरात भिंतीवर जगाचा नकाशा असेल तर जरा त्याच्याकडे बघा. नसेल तर लावा. माझं ठाम मत आहे की कॅलेंडरच्या शेजारी दुसरा खिळा नकाशासाठीच असायला हवा. मोबाइलमधला नकाशा तुम्हाला जायचं तिथला रस्ता दाखवतो, भिंतीवरचा नकाशा कधी मनातही न आलेला देश दाखवतो. असो. त्या नकाशात दक्षिण अमेरिकेच्या डाव्या कडेला एक लांबलचक चिंचोळी पट्टी दिसेल, ती चिली. तिच्या वरच्या टोकाला उजवीकडे, चारी बाजूंनी जमिनीत अडकलेला देश आहे तो बोलिव्हिया. १८२५ साली स्पेनच्या राज्यातून सुटला आणि स्पेनविरुद्धच्या लढ्याचा पुढारी सिमोन बोलिवार याचं नाव त्याने घेतलं. आयमारा, केचुआ अशा मूळच्या लोकांचा देश. आज तिथे स्पॅनिशबरोबर ३६ मूळ भाषांना राज्यघटनेने अधिकृत भाषा मानलं आहे.

तो बटाट्याच्या माहेरांपैकी एक. तितिकाका सरोवराच्या आजूबाजूच्या डोंगराळ मुलखात माणसाने हजारो वर्षांपूर्वी बटाटा लावायला सुरुवात केली. तिथल्या बायका बटाटे रात्री उघड्यावर गोठवतात, दिवसा पायाने तुडवून पाणी काढतात आणि उन्हात वाळवतात. त्याला म्हणतात चुन्यो. वर्षानुवर्षं टिकतो. म्हणजे आपलं वाळवणच. हा बटाटा पोर्तुगिजांबरोबर नावासकट आपल्याकडे आला आणि आपल्या उपासाच्या ताटात जाऊन बसला. एखादी वस्तू परकी म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी एकादशीच्या दिवशी याचा विचार करावा, असं मला फार मनापासून वाटतं.

पण मी समुद्राचं सांगत होते.

१८७९ पर्यंत बोलिव्हियाला समुद्र होता. सुमारे ४०० किलोमीटरचा किनारा होता, आन्तोफागास्ता नावाचं बंदर होतं. मागे सगळं आताकामाचं वाळवंट, जिथे वर्षानुवर्षं पाऊस पडत नाही. पण त्या वाळवंटात सोरा होता. खताला लागतो तो, आणि दारूगोळ्यालाही लागतो तो. मुलूख बोलिव्हियाचा, पण सोरा काढणारी कंपनी चिलीची, तिच्यात पैसा चिलीचा आणि इंग्रजांचा, आणि बंदरात राहणारे बहुतेक लोकही चिलीचेच. भांडणाचं बी तिथेच पडलेलं होतं. १८७४ साली दोन्ही देशांनी करार केला की चिलीच्या कंपन्यांवर २५ वर्षं नवा कर लावायचा नाही. चार वर्षांत बोलिव्हियाने कर लावला. किती? क्विंटलमागे दहा सेंटाव्हो. म्हणजे तिथले दहा पैसे म्हणा. आणि तो क्विंटल आपला शंभर किलोचा नव्हे, ४६ किलोचा. कंपनीने कर भरायला नकार दिला, बोलिव्हियाने तिची मालमत्ता लिलावात काढायचं ठरवलं. लिलावाची तारीख होती १४ फेब्रुवारी १८७९. त्याच दिवशी चिलीचं सैन्य जहाजांतून आन्तोफागास्तात उतरलं. दहा पैशांचा कर, श्रोतेहो, आणि त्यापायी तीन देशांचं युद्ध, कारण पुढे पेरूही त्यात ओढला गेला.

बोलिव्हियाचं सरकार किनाऱ्यापासून फार दूर, डोंगरांच्या पलीकडे. सैन्य यायचं तर वाळवंट तुडवत यायचं. तेव्हा जे काही करायचं ते तिथे होते त्यांनीच करायचं होतं. आता ती गोष्ट सांगते. आजचं सगळं बोलणं खरं तर या गोष्टीसाठी आहे.

आन्तोफागास्तापासून आत, वाळवंटाच्या मधोमध एक हिरवा ठिपका आहे. गावाचं नाव कालामा. हिरवा ठिपका कशामुळे, तर लोआ नावाची नदी तिथून वाहते. या गावात लादिस्लाओ काब्रेरा नावाचा एक वकील होता. त्याने माणसं गोळा केली. सैनिक नव्हेत. दुकानदार, खाणवाले, शेतकरी, हाताशी असेल ते हत्यार घेऊन आलेले. किती जमले? सुमारे १३५. समोरून चालून येत होते चिलीचे साडेपाचशेच्या आसपास शिपाई. घोडदळ होतं, तोफा होत्या. काब्रेराला शरण यायचा निरोप आला, तो त्याने परत पाठवला.

त्या १३५ जणांत एक होता एदुआर्दो आबारोआ. वय चाळीस. जवळच्याच सान पेद्रो दे आताकामाचा. खाणीच्या व्यवहारात असलेला, बायको आणि पाच मुलं असलेला संसारी माणूस. नाव लक्षात ठेवा, आबारोआ. त्याला म्हणे कुणी सुचवलं की तू घरी जा, तुला बायकामुलं आहेत. त्यावर तो म्हणाला असं सांगतात: मी बोलिव्हियाचा आहे, हे बोलिव्हिया आहे, मी इथेच राहणार.

शालेय पुस्तकांत सेनापतींची नावं असतात, तारखा असतात. मला मात्र असल्या संसारी माणसांची नावं जास्त महत्त्वाची वाटतात. सेनापतीला निदान लढायचा पगार असतो.

तर २३ मार्चची सकाळ. लोआ नदीवरचे पूल गावकऱ्यांनी आधीच मोडून ठेवले होते. नदी पार करायची तर दोनतीन उतारांवरूनच. त्यातला एक उतार होता तोपातेरचा. चिलीचं घोडदळ तिथे आलं, आणि पलीकडच्या झुडपांतून, खंदकांतून अचानक गोळ्या सुटल्या. घोडे बिथरले, शिपाई मागे फिरले. चालून आलेलं घोडदळ मागे फिरलं आणि गावकरी जागेवर राहिले, असा तो क्षण. आबारोआ तेवढ्यावर थांबला नाही. त्याने मोजक्या साथीदारांना घेतलं, मोडलेल्या पुलावर फळ्या टाकल्या आणि नदी ओलांडून तो पलीकडे गेला. शत्रूच्या काठावर.

डोळ्यांसमोर आणा. मागे नदी, पुढे शत्रू, हातात रायफल, आणि बरोबर बोटांवर मोजावीत इतकी माणसं.

पण अशा लढाया जशा संपतात तशीच ही संपली. चिलीचं पायदळ पुढे आलं, तोफा आल्या. गावकऱ्यांची काडतुसं संपत आली. काब्रेराने पाहिलं की आता थांबलो तर सगळेच मरू. त्याने माघारीचा हुकूम दिला. माणसं वाळवंटातून निसटली. त्याला मी दोष देत नाही, तुम्हीही देऊ नका. त्याने माणसं वाचवली.

आबारोआ मात्र हलला नाही. बरोबरचे पडले, काही मागे गेले. तो त्या पुलापाशी एकटा, घायाळ, रायफल हातात धरून गोळ्या झाडत राहिला. चिलीच्या शिपायांनी त्याला घेरलं. त्यांच्यातल्या एकाने ओरडून सांगितलं की शरण ये. आणि आबारोआने उत्तर दिलं. बोलिव्हियातल्या प्रत्येक मुलाला ते तोंडपाठ असतं. तो म्हणाला:

“शरण? मी? तुमच्या आजीला सांगा शरण यायला!”

पुन्हा ऐका. “शरण? मी? तुमच्या आजीला सांगा शरण यायला!” पुढे एक शिवीही आहे, ती मी इथे उच्चारत नाही. त्यावर गोळ्या सुटल्या, आणि आबारोआ तिथेच पडला.

मला या वाक्यात काय आवडतं सांगू? स्पॅनिशमध्ये आपल्या तू आणि तुम्हीसारखे दोन प्रकार आहेत. मरताना, समोरच्याची आजी काढताना, या माणसाने ‘तुझ्या’ म्हटलं नाही, ‘तुमच्या’ म्हटलं. बंदुका रोखलेल्या शत्रूला अहोजाहो केलं. मी कितीदा ही गोष्ट सांगितली असेल, पण त्या एका ‘तुमच्या’पाशी आले की अजून माझा आवाज जड होतो. लढाईच्या मैदानावर तो पोवाड्यात शोभावं असं काही बोलला नाही, घरात, अंगणात, बाजारात बोलतात तसं बोलला.

चिलीच्या सैनिकांनी त्याला मानाने पुरलं, कालामातच. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण त्यांनाही माणूस ओळखता आला.

युद्धाचं पुढचं थोडक्यात. १८८० मध्ये ताक्नाजवळच्या लढाईनंतर बोलिव्हिया रणातून बाहेर पडला. १८८४ साली युद्धविराम झाला आणि १९०४ साली शांततेचा तह. किनारा चिलीचा झाला, सुमारे सव्वा लाख चौरस किलोमीटर मुलूख गेला. त्याच मुलखात, कालामाच्या शेजारी, पुढे चुकिकामाताची तांब्याची खाण उभी राहिली, जगातल्या सर्वांत मोठ्या उघड्या खाणींपैकी एक. बदल्यात चिलीने आरिका बंदरापासून, बोलिव्हियाचं सरकार जिथे बसतं त्या ला पाझ शहरापर्यंत रेल्वे बांधून दिली, ती १९१३ साली सुरू झाली, आणि बोलिव्हियाचा माल चिलीच्या बंदरांतून कायमचा मोकळेपणाने जाईल असं कबूल केलं. चिलीचं म्हणणं आजही हेच आहे की तह झाला, सही झाली, विषय संपला. कायद्याच्या दृष्टीने त्यात तथ्य आहे. पण बोलिव्हियात तो संपला नाही. १९७८ पासून या दोन शेजाऱ्यांनी एकमेकांच्या राजधानीत राजदूत ठेवलेला नाही. मधल्या भिंतीवरून भांडलेल्या भावांसारखं झालं आहे ते, आणि आपल्या गावांत अशी घरं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत.

हे दुःख फक्त संचलनापुरतं आहे असं समजू नका. त्याने सरकारं पाडली. २००३ साली बोलिव्हियाच्या सरकारने आपला नैसर्गिक वायू चिलीच्या बंदरातून परदेशी विकायचं मनावर घेतलं. ला पाझच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कडेवर एल आल्तो नावाचं शहर आहे, गरीब आयमारा लोकांचं. ते पेटून उठलं. आपला वायू, आपल्याला स्वयंपाकाला नाही, आणि जाणार कुठून, तर ज्यांनी समुद्र घेतला त्यांच्या बंदरातून! रस्ते अडवले गेले, सैन्याने गोळ्या चालवल्या, ६० हून अधिक माणसं मेली. १७ ऑक्टोबरला राष्ट्राध्यक्ष सांचेस दे लोसादा राजीनामा देऊन अमेरिकेला निघून गेले. त्या उठावाच्या लाटेवर पुढे एवो मोरालेस निवडून आले, आयमारा घरातला, कोकाच्या शेतकऱ्यांचा पुढारी. मूळच्या लोकांमधून आलेला हा त्या देशाचा पहिला राष्ट्राध्यक्ष.

मोरालेस यांनी २०१३ साली समुद्राचा दावा हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेला. २०१८ च्या मार्चमध्ये लोकांनी ला पाझ आणि ओरुरो यांच्यामधल्या महामार्गावर जवळपास २०० किलोमीटर लांबीचा निळा झेंडा अंथरला. बायकांनी, मुलांनी, शिपायांनी तो हातात धरला. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला निकाल लागला. बारा विरुद्ध तीन मतांनी बोलिव्हिया हरला. समुद्राविषयी बोलणी करायलाच हवीत असं कायदेशीर बंधन चिलीवर नाही, असं न्यायालय म्हणालं.

नौदल आहेच. ते समुद्रसपाटीपासून ३,८०० मीटरवरच्या तितिकाका सरोवरात आणि देशातल्या नद्यांवर असतं. सरोवराच्या तिकिना नावाच्या खाडीत पूल नाही. बस लाकडी सपाट तराफ्यावर चढवून पलीकडे नेतात, प्रवासी वेगळ्या होडीतून जातात. आणि तिथेच काठावर नौदलाचा तळ आहे.

आबारोआ ७३ वर्षं कालामात, चिलीच्या मातीत होता. १९५२ साली त्याच्या अस्थी ला पाझला आणल्या. तिथल्या चौकाला त्याचं नाव आहे, आणि मधोमध त्याचा पुतळा. घोड्यावर बसलेला नव्हे, तलवार उपसलेला नव्हे. घायाळ होऊन कोसळतानाचा, एक बोट समोर रोखलेला.

आपल्याकडे आज संध्याकाळचे साडेपाच वाजतील, तेव्हा ला पाझमध्ये सकाळचे आठ वाजलेले असतील. दिवेलागणीच्या आधी, चहा टाकताना, जरा आठवण ठेवा. त्या वेळी त्या चौकाकडे खलाशांचे पोशाख घातलेली मुलं निघालेली असतील, आणि त्यांच्यातल्या कितीतरी जणांनी अजून समुद्र पाहिलेला नसेल.

नमस्कार.