फॅट किती लागली?

(दृश्य: पहाटेची वेळ. करवीर तालुक्यातल्या एका गावची दूध संस्था. अंधारातनं येणाऱ्या सायकली, हँडलला अडकवलेल्या किटल्या.)

हे आमच्या गावचं दूध सेंटर. पहाटेचे साडेपाच वाजलेत आणि बघा, रांग लागलीय. किटली टेकवायची, दूध मापात ओतायचं, त्यातलं थोडं सॅम्पल मशिनला लावायचं, आकडा येतो आणि पावती फाटते. लिटर, फॅट, एसएनएफ म्हणजे फॅट सोडून दुधातला बाकीचा घट्ट अंश, दर. म्हशीच्या दुधाला ६ फॅट आणि ९ एसएनएफ हा पाया धरतात, त्याच्या खाली गेलं की दर कापतात. किटली सरपंचाच्या घरची असू दे नाहीतर एकच म्हैस सांभाळणाऱ्या म्हातारीची, सॅम्पल दोघांचंही घेतात, आणि सकाळी घेतलंय म्हणून संध्याकाळी कुणाला सोडत नाहीत.

माझ्या आईची फॅट एकदा ५.६ लागली होती. पेंड बदलली होती आम्ही, बाकी काही नाही. आई चिडली, म्हणाली पंधरा वर्षं दूध घालतोय मी इथं, माझ्या दुधात खोट असंल होय? सेक्रेटरी काही बोलला नाही, त्यानं फक्त सॅम्पल परत लावलं आणि आकडा तिच्याकडं फिरवला. ५.६. आई गप घरी आली आणि दुसऱ्या दिवसापासनं जुनी पेंड सुरू केली. पंधरा वर्षांचा विश्वास होता तरी मोजलं, आणि मोजलं म्हणून विश्वास तुटला नाही, उलट आजपण ती तिथंच दूध घालते.

हा व्हिडिओ करायचं डोक्यात आलं ते तिथनंच. दोन लिटर दुधाला आपण दिवसातनं दोन वेळा कसाला लावतो आणि ज्या माणसाच्या हातात आपलं पाणी, रस्ता, शाळा, उसाचं बिल, पुराची मदत हे सगळं देतो त्याला पाच वर्षांतनं एकदा तरी लावतो का?

(दृश्य: सकाळ. मैदानावर पळणारी पोरं.)

ही पोरं पोलीस भरतीची तयारी करतायत. उंची १६५ सेंटिमीटर पाहिजे, छाती न फुगवता ७९ आणि फुगवून ५ जास्त, मग १६०० मीटर पळायचं, गोळा टाकायचा, लेखी द्यायची, मेडिकल होणार आणि शेवटी चारित्र्य पडताळणी. गावात गणपतीच्या मिरवणुकीत भांडणात नाव आलेलं असलं तरी पोराच्या आईबापाची झोप उडते, कारण एका केसमुळं नोकरी अडकू शकते. हे चूक आहे असं मी म्हणत नाही, अंगावर वर्दी चढणार आहे तर बघायलाच पाहिजे.

पण त्या वर्दीला जो आदेश देणार त्याचं काय? आमदार व्हायला राज्यघटनेच्या कलम १७३ प्रमाणं भारताचा नागरिक पाहिजे आणि वय २५ पूर्ण पाहिजे. वरची वयाची मर्यादा नाही, शिक्षणाची अट नाही, तब्येतीची तपासणी नाही. आणि गुन्ह्यांचं म्हणाल तर लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम ८, त्यात काही ठराविक गुन्हे सोडले तर दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली तरच अपात्र. नुसती केस चालू असली तर उभं राहता येतं. २०१३ पर्यंत तर खुर्चीवर असलेल्याला शिक्षा झाली तरी अपील केलं की खुर्ची वाचायची, ती पळवाट सुप्रीम कोर्टानं लिली थॉमस खटल्यात त्या वर्षी बंद केली.

आता इथं एक गोष्ट नीट समजून घेऊया, कारण ह्यात आपली गल्लत होते. केस आहे म्हणजे माणूस वाईट असं अजिबात नाही. आपल्या कोल्हापुरात आंदोलनाच्या केसेस किती जणांवर पडल्यात, टोलच्या वेळी, ऊसदराच्या वेळी, रस्ता अडवला म्हणून, जमावबंदी मोडली म्हणून. ती केस वेगळी आणि खंडणीची, मारहाणीची, बाईमाणसाला त्रास दिल्याची केस वेगळी. फरक कळायला कलम वाचायला लागतं, आणि ते कलम वाचायची सोय आहे, तेच सांगायला मी इतका वेळ बोलतोय.

(दृश्य: घरातलं टेबल, मोबाईलवर उघडलेलं शपथपत्र, एकेक पान सरकतंय.)

हे बघा. नमुना २६. उमेदवारी अर्जाबरोबर प्रत्येक उमेदवाराला हे शपथपत्र द्यावं लागतं, नोटरीचा शिक्का असतो, पानापानावर सही. २००२ आणि २००३ साली सुप्रीम कोर्टानं निकाल दिले की मत देणाऱ्याला उमेदवाराची माहिती मिळणं हा त्याचा हक्क आहे, त्यातनं हे आलं. निवडणूक आयोगाच्या वेबसाईटवर मिळतं, आयोगाच्या ॲपवर मिळतं, कुणाच्या ऑफिसात जायला नको, कुणाच्या पाया पडायला नको. वर नाव, पक्ष, मग पाच वर्षांचं उत्पन्न, स्वतःचं, बायकोचं किंवा नवऱ्याचं, अवलंबून असलेल्यांचं. मग केसेस, एफआयआर नंबर, पोलीस ठाणं, कलम, कोर्टानं आरोप निश्चित केले की नाही ते. मग रोकड, बँक, सोनं, गाड्या, गट नंबरासकट जमिनी, कर्ज, सरकारची थकबाकी, शिक्षण.

मी पहिल्यांदा एक पूर्ण वाचलं तेव्हा रात्रीचे दीड वाजले होते. मला धक्का आकड्यांचा नाही बसला, धक्का ह्याचा बसला की हे सगळं इतकी वर्षं उघडं पडलंय आणि मी ह्या माणसाला दोनदा मत दिलं होतं एक पान न बघता. मत कशावर दिलं होतं तर भावकीतला एकजण म्हणाला म्हणून.

दोन निवडणुकांची दोन शपथपत्रं शेजारी शेजारी लावून बघा. पाच वर्षांत जमीन किती वाढली, धंदा कोणता लिहिलाय आणि त्या धंद्यातनं एवढं येऊ शकतं का, हे शेतकऱ्याच्या पोराला कुणी शिकवायला लागत नाही, आपल्याला एकरी ऊस किती निघतो ते माहिती आहे. आणखी एक, केसेस असलेल्या उमेदवाराला त्या पेपरात आणि टीव्हीवर तीन वेळा जाहीर कराव्या लागतात, २०१८ पासनं. आणि २०२० च्या आदेशानं पक्षालाही सांगावं लागतं की केस असलेला हाच माणूस का निवडला, स्वच्छ माणूस का नाही मिळाला. ती जाहिरात पेपरात बारीक अक्षरात कुठंतरी आतल्या पानावर येते. आपण तो पेपर भडंग खायला घेतो.

तब्येतीचा रकाना मात्र ह्या शपथपत्रात कुठंच नाही.

आजारपण हा गुन्हा नाही, हे आधीच सांगतो. मनोहर पर्रीकर २०१९ च्या जानेवारीत नाकात नळी असताना विधानसभेत आले, अर्थसंकल्प मांडला, १७ मार्चला गेले. त्यांची जिद्द बघून डोळ्यात पाणी येतं, पण एक राज्य वर्षभर जवळपास दवाखान्यातनं चाललं हेही खरंच आहे. जयललिता २०१६ च्या २२ सप्टेंबरला ॲडमिट झाल्या आणि ५ डिसेंबरला गेल्या, त्या पंच्याहत्तर दिवसांत नेमकं काय झालं ते शोधायला पुढं चौकशी आयोग बसवावा लागला. म्हणजे सात कोटींच्या राज्यात मुख्यमंत्री शुद्धीवर आहे का, सही कोण करतंय, हे लोकांना नीट माहिती नव्हतं. मला कुणाचे रिपोर्ट बघायचे नाहीत, पण काम होण्यासारखं आहे की नाही एवढं तरी सांगायला पाहिजे ना.

आणि वयावरनं हिणवणाऱ्यांना कोल्हापूरकरानं तरी उत्तर द्यायला पाहिजे. एन. डी. सर आठवा.

(दृश्य: बिंदू चौक, दुपार.)

प्रा. एन. डी. पाटील, जन्म १९२९. टोलचं आंदोलन पेटलं तेव्हा ऐंशी ओलांडलेली होती, आणि तरी मोर्चाच्या पुढं ते असायचे, हळू चालायचे आणि मागचे हजारो लोक त्यांच्या चालीनं चालायचे. मी तेव्हा कॉलेजला होतो, मी त्या गर्दीत होतो. पुढं काय चाललंय ते दिसायचं नाही पण मोर्चा हळू झाला की कळायचं सर चालतायत. शेवटी टोल गेला. पण मला त्यांचं वेगळंच सांगायचंय. शेतकरी कामगार पक्षात तरुणपणी गेले आणि २०२२ च्या १७ जानेवारीला वारले तेव्हाही त्याच पक्षात होते. १८ वर्षं विधान परिषदेत, १९७८ ला पुलोद म्हणजे पुरोगामी लोकशाही दलाच्या सरकारात सहकार मंत्री, नंतर कोल्हापूरचे आमदार. पुलोदचे मुख्यमंत्री कोण होते तर शरद पवार, म्हणजे सख्खे मेहुणे. तिकडं जायला एक फोन पुरला असता. नाही गेले, आणि जिथं पटलं नाही तिथं मेहुण्यांच्या सरकारविरुद्ध रस्त्यावर बसले. तसेच सांगोल्याचे गणपतराव देशमुख, एकाच मतदारसंघातनं अकरा वेळा आमदार, पक्ष एकच, शेकाप. मधे १९७२ ला आणि १९९५ ला पडलेसुद्धा. पडले म्हणून पक्ष बदलला नाही, लोकांच्यातच राहिले, लोकांनी परत निवडून दिलं.

आता आपल्या जिल्ह्याकडं येऊया, आणि कुठल्या एका बाजूचं बोलतोय असं वाटून घेऊ नका, सगळ्यांचंच बोलणार आहे. धनंजय महाडिक २००४ ला लोकसभेला शिवसेनेकडनं उभे होते, २०१४ ला राष्ट्रवादीकडनं खासदार झाले, आता भाजपचे राज्यसभा खासदार आहेत. २०१९ ला सतेज पाटील काँग्रेसमध्ये आणि काँग्रेस-राष्ट्रवादीची आघाडी, तरी 'आमचं ठरलंय' म्हणत शिवसेनेच्या संजय मंडलिकांना बळ दिलं, आणि २०२४ ला त्याच मंडलिकांच्या विरोधात काँग्रेसचे उमेदवार, आताचे शाहू महाराज छत्रपती यांच्या प्रचाराची धुरा त्यांनीच वाहिली. कागलात हसन मुश्रीफ २ जुलै २०२३ ला अजित पवारांबरोबर शपथ घेऊन शिंदे-भाजप सरकारात गेले, आणि भाजपमधले समरजित घाटगे तिथनं निघून शरद पवारांच्या पक्षाकडनं त्यांच्या समोर उभे राहिले. गावात कार्यकर्ते मात्र तेच. कालपर्यंत ज्या घराचं पाणी पीत नव्हते त्यांच्या जीपमधनं आज फिरायचं, आणि ज्याच्याबरोबर शाळेला गेलो त्याच्याशी बोलणं बंद. हे मी माझ्या गल्लीत बघितलंय, दोन सख्ख्या चुलतभावांनी बांधाला बांध असून तीन वर्षं तोंड बघितलं नाही एकमेकांचं, आणि ज्यांच्यासाठी भांडले ते नेते एकाच स्टेजवर हार घालून बसले होते.

माणसानं मत बदलू नये असं माझं म्हणणं नाही. सदाशिवराव मंडलिकांना २००९ ला राष्ट्रवादीनं तिकीट नाकारलं, सत्तरी ओलांडलेला माणूस अपक्ष उभा राहिला आणि कोल्हापूरनं त्यांना निवडून दिलं. का? कारण ते आधी लोकांच्यात आले, मग मतदान झालं. शेजारच्या साताऱ्यात उदयनराजे मे २०१९ ला राष्ट्रवादीकडनं निवडून आले, सप्टेंबरात भाजपमध्ये गेले, पण जाताना खासदारकीचा राजीनामा दिला, पोटनिवडणूक लागली, पडले. पुढं २०२४ ला भाजपकडनंच उभे राहून निवडून आले. पटो न पटो, ते आपल्याला विचारायला परत आले.

आणि आपल्या नावावर निवडून आलेला माणूस न विचारता उठून दुसरीकडं बसतो तेव्हा? त्याच्यासाठीच १९८५ ला बावन्नावी घटनादुरुस्ती करून दहावं परिशिष्ट आणलं, पक्षांतरबंदी. त्याच्या आधी हरियाणात १९६७ ला गया लाल नावाच्या आमदारानं पंधरा दिवसांत तीनदा पक्ष बदलला होता, 'आयाराम गयाराम' तिथनंच आलं. पहिल्यांदा एक तृतीयांश फुटले तर चालायचं, २००३ ला ते काढलं, आता दोन तृतीयांशांचं विलीनीकरण तेवढं चालतं. पण निर्णय कोण देणार, तर विधानसभेचा अध्यक्ष, जो स्वतः कुठल्यातरी पक्षाचाच असतो. शिवसेना जून २०२२ मध्ये फुटली, निकाल आला १० जानेवारी २०२४ ला, दीड वर्षानं, आणि दोन्ही बाजूंचा एकही आमदार अपात्र झाला नाही. २०१९ ला आपण युती नाहीतर आघाडी म्हणून बटण दाबलं आणि त्या एकाच मतावर पाच वर्षांत तीन मुख्यमंत्री बघितले, त्यातली पहाटेची शपथ तर चार दिवससुद्धा टिकली नाही.

भाषणाची सुरुवात मात्र सगळ्यांची सारखी, 'शाहूंच्या नगरीत'. राजर्षी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ ला पन्नास टक्के जागा मागासलेल्यांना राखून ठेवायचा हुकूम काढला, हे सगळे सांगतात. पण त्याच राजानं गंगाराम कांबळ्यांना चहाचं हॉटेल काढायला लावलं आणि भर रस्त्यावर, लोकांच्या देखत, अस्पृश्य म्हटल्या जाणाऱ्या माणसाच्या हातचा चहा स्वतः घेतला, सोबतच्यांनाही प्यायला लावला. कागदावर लिहिलं तेच ओठाला लावलं.

(दृश्य: संध्याकाळ. परत तेच दूध सेंटर. भिंतीवर दरपत्रक, शेजारी खिळ्याला अडकवलेली वही.)

ही वही मी गेल्या महिन्यात अडकवलीय. दोनशे पानी, साधी. तीन रकाने, कुणी काय शब्द दिला, कुठल्या तारखेला, आणि पुढं काय झालं. पेन दोऱ्यानं बांधलाय कारण पहिल्या दिवशी पेन गेला. रांगेत उभं राहून बायका वाचतात, कुणीतरी तारीख दुरुस्त करतं, कुणीतरी म्हणतं हे नाही लिहिलंस, पाणंद रस्त्याचं. मग ते लिहायचं. आई परवा किटली धुऊन आली, पावती घेतली, ६.४ लागली होती, आणि वहीपाशी थांबून तिनं स्वतःच्या हातानं एक ओळ लिहिली, नदीकाठच्या मोटारींच्या लाईटचं, पूर येऊन गेल्यावर पुढाऱ्यानं चावडीत सगळ्यांसमोर दिलेला शब्द. तारीख तिला तोंडपाठ होती. तिसरा रकाना तिनं रिकामा सोडला.