पाच टक्के कुठले?

मंडळी, नमस्कार. पत्रिकेत माझा विषय छापलाय, ‘वाढती काउंटी आणि तिची नवी रेडिओ यंत्रणा : एवढा खर्च का?’ गेल्या आठवड्यात आपल्यातल्याच एका वहिनींचा फोन आला. म्हणाल्या, “भाऊजी, रेडिओवर बोलणार, म्हणजे विविध भारतीच्या आठवणी ना?” मी हो-नाही काही म्हटलं नाही. त्या तिसऱ्या रांगेत बसल्यात, आणि माझ्याकडे कशा बघतायत ते मला इथून दिसतंय.

वहिनी, तो रेडिओ नव्हे. पोलिसाच्या कमरेला, फायरफायटरच्या छातीशी जो काळा ठोकळा असतो ना, तो. पण तुमचं अगदीच चुकलं नाही हं. १९२० च्या दशकात डेट्रॉइटच्या पोलिसांनी गाड्यांत रेडिओ बसवून पाहिले, तेव्हा सुरुवातीला त्यांना परवाना मिळाला तो करमणुकीच्या केंद्राचा! म्हणून मधूनमधून गाणी लावायची आणि मधेच सांगायचं, अमुक नंबरची गाडी चोरीला गेलीय, अशी हकीकत सांगतात. केंद्राचं नाव केओपी, म्हणजे ‘कॉप’. आणि सगळा मामला एकतर्फी. गाडीतल्या हवालदाराने नुसतं ऐकायचं. उत्तर द्यायचं तर गाडी थांबवून फोन शोधायचा. गाडीतून उलट बोलण्याची सोय झाली १९३३ मध्ये, न्यू जर्सीतल्या बेयॉन गावात. असो. मी भरकटतो, हे घरच्यांना माहीत आहे, तुम्हालाही कळेल.

आता आपली काउंटी, म्हणजे अमेरिकेतला जिल्हाच, वॉशिंग्टनजवळचं व्हर्जिनियातलं लाउडन घ्या. १९९० च्या जनगणनेत इथे ८६ हजार माणसं होती. २००० मध्ये १ लाख ६९ हजार, २०२० मध्ये ४ लाख २० हजार. आपल्यापैकी बरेचजण या शेवटच्या आकड्यात आलो. आलो ते कुठे? मक्याच्या शेतात उभ्या राहिलेल्या टाउनहाऊसमध्ये. आणि ॲशबर्नला शेतांच्या जागी डेटा सेंटरं उभी राहिली, खिडकी नाही, दार सापडत नाही, अशी. रेडिओच्या माणसाला ही वस्ती दिसत नाही, त्याला दिसतात भिंती. शेतात लहर सुखाने जाते. काँक्रीट, पत्रा आणि त्या नव्या ऊर्जा वाचवणाऱ्या काचा, ज्यांच्यावर चांदीचा अदृश्य पापुद्रा असतो, तिथे ती अडते. तुमचं वीजबिल कमी होतं आणि आमचा सिग्नल.

माझी आवडती गोष्ट इथे सांगतो. संयोजक, घड्याळ बघू नका.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका काउंटीत चाचणीला होतो. काउंटीचं नाव नाही घेत, कंपनीचंही नाही. वाढती काउंटी, कोरी यंत्रणा. अशा वेळी काय करतात, तर नकाशावर चौकोन आखतात आणि प्रत्येक चौकोनात जाऊन बोलतात, ऐकतात. करारात सहसा असं असतं, की ९५ टक्के चौकोनांत बोलणं असं कळावं, की ‘काय म्हणालात?’ असं क्वचितच विचारावं लागेल. आम्ही गाडीतून फिरलो. नकाशा हिरवागार, आषाढातल्या कोकणासारखा. सगळे खूश.

शेवटच्या दिवशी तिथल्या अग्निशमन दलाचे एक कॅप्टन आले. साठीचे, मितभाषी. म्हणाले, “गाडीत आग लागली तर मी रस्त्यावर उभा राहून विझवतो. मला शाळेच्या तळघरात ने.” नवी शाळा, खाली बॉयलरची खोली. त्यांनी सगळा पोशाख चढवला, तोंडावर मास्क, आणि जिना उतरायला लागले. मी मागे, कानाला रेडिओ. वर पार्किंगमध्ये माझा सहकारी. कॅप्टन पायऱ्या मोजत होते, नऊ, दहा, अकरा, स्वच्छ ऐकू येत होतं. बारावीवर काहीच नाही. खरखर नाही, तुटक आवाज नाही. नुसती शांतता.

जुन्या ॲनालॉग रेडिओत सिग्नल कमी झाला की खरखर वाढायची. माणूस समजायचा, आता मागे फिरावं. डिजिटल शेवटपर्यंत साजूक बोलतं आणि मग एकदम कड्यावरून पडतं. कॅप्टन वर आले, मास्क काढला. कंपनीचा माणूस नकाशा पुढे करून म्हणाला, “सर, ते पाच टक्क्यांत येतं.” कॅप्टन म्हणाले, “माझी माणसंपण.” आणि गाडीत जाऊन बसले.

तेव्हापासून मी एकच प्रश्न विचारत आलोय: पाच टक्के कुठले? ते काउंटीभर सारखे सांडलेले नसतात. ते तळघरात असतात, पार्किंगच्या दुसऱ्या मजल्याखाली असतात, आपल्या पश्चिमेच्या डोंगरांच्या पाठीमागे असतात. आणि वाढत्या काउंटीत दर वर्षी नवे तयार होतात. परवाना बांधकाम खातं देतं, भोक रेडिओला पडतं.

मास्कवरून आठवलं. डिजिटल रेडिओ आवाज जसाच्या तसा पाठवत नाही, माणूस बोलतोय असं धरून त्याचं गणित करून पाठवतो. शेजारी करवत चालू असेल, फायरफायटरच्या अंगावरचा भोंगा वाजत असेल, तर त्या गणिताचा गोंधळ होतो. इथल्या सरकारी प्रयोगशाळेने २००८ मध्ये हे नीट मोजलं. पद्धत मजेची आहे: सहा यमकाचे शब्द असतात, बोलणारा एक म्हणतो, ऐकणाऱ्याने ओळखायचा. आपण मराठीत करू. काळ, गाळ, जाळ, टाळ, डाळ, नाळ. आता समजा फायरफायटर ओरडतोय, “आत जाळ आहे!” आणि बाहेरच्याला ऐकू येतंय, “आत डाळ आहे.” तो म्हणेल, मग गॅस बंद कर की!

हसलात, बरं झालं. कारण पुढचं तुम्हाला आवडणार नाही. भोक बुजवायला टॉवर लागतो. टॉवर म्हटला की सोसायटीची, म्हणजे एचओएची बैठक भरते. अशा बैठकांना मी एका बाजूने बसलोय. टॉवर हवा, पण तिकडे. सूर्यास्त दिसत नाही. घराचा भाव पडेल. एका बैठकीत विरोधाच्या अर्जावर नावं वाचत गेलो तर जोशी, पाटील, कुलकर्णी, देशपांडे! मला वाटलं गणेशोत्सवाची वर्गणीची यादी चुकून आली. तीच मंडळी पुढच्या महिन्यात विचारतात, आमच्या बेसमेंटमध्ये फोन का लागत नाही? या खोलीतही तिघे आहेत. त्यांच्याकडे मी बघत नाहीये.

चिठ्ठी आली. ‘पाच मिनिटं. वडे गार होतायत.’ पाच! हा आकडा माझा पिच्छा सोडत नाही. बरं, खर्चाचं भराभर सांगतो.

पहिलं, फ्रिक्वेन्सी. माणसं पाचपट झाली म्हणून सरकार फ्रिक्वेन्सी पाचपट देत नाही. म्हणून पोलीस-अग्निशमनाच्या डिजिटल रेडिओंसाठी ठरलेल्या पी-२५ नावाच्या मानकाचा दुसरा टप्पा घेतात: साडेबारा किलोहर्ट्झच्या एकाच चॅनेलवर वेळेचे बारीक तुकडे करून दोन संभाषणं. जुने रेडिओ हे करू शकत नाहीत. ते बदलायचे, आणि आगीत, पाण्यात, हातमोज्यात चालणारा एकेक रेडिओ काही हजार डॉलरला पडतो. खर्चाचा मोठा वाटा तिथे जातो.

दुसरं, टॉवर नुसते वाढवून भागत नाही. सगळे एकाच फ्रिक्वेन्सीवर एकाच क्षणी बोलतात, जीपीएसच्या घड्याळाने बांधलेले. दोन टॉवरचा आवाज मागेपुढे पोचला तर जिथे सिग्नल भरपूर, तिथेच बोलणं चिरकतं. म्हणून प्रत्येक नवा टॉवर म्हणजे सगळी वीण पुन्हा तपासायची.

तिसरं, शेजाऱ्यांशी बोलणं. १३ जानेवारी १९८२ ला एअर फ्लोरिडाचं विमान वॉशिंग्टनच्या चौदाव्या रस्त्याच्या पुलावर आदळून पोटोमॅक नदीत पडलं, ७८ माणसं गेली, अर्ध्या तासात मेट्रोचाही अपघात झाला. मदतीला धावलेल्या खात्यांचे रेडिओ एकमेकांशी जुळेनात. हा इथला धडा. न्यूयॉर्कचा, ११ सप्टेंबर २००१ चा, वर्ल्ड ट्रेड सेंटरचा, तुम्हाला माहीतच आहे. दक्षिण मनोरा ९ वाजून ५९ मिनिटांनी पडला, उत्तर मनोरा १० वाजून २८ मिनिटांनी. मधल्या एकोणतीस मिनिटांत उत्तर मनोऱ्यातल्या फायरफायटरना बाहेर येण्याचा हुकूम गेला, काहींनी ऐकला, अनेकांपर्यंत तो पोचलाच नाही. त्या दिवशी दलातले ३४३ जण गेले.

चौथं, इमारतींच्या आतलं. मोठ्या नव्या इमारतीत सिग्नल वाढवणारी यंत्रणा मालकाने स्वतःच्या खर्चाने बसवायची, असा नियम लावता येतो आणि अनेक ठिकाणी आहे. बसवतातही. नंतर बॅटरी कोण तपासतं, यावर मला अर्धा तास हवा होता.

फर्स्टनेट, म्हणजे पोलीस-अग्निशमन दलांसाठीचं मोबाइलचं जाळं, ते राहिलं; एन्क्रिप्शन, म्हणजे बोलणं इतरांना कळू नये म्हणून सांकेतिक करणं, तेही राहिलं. तर, रेडिओसाठी काउंटीने कर्ज काढावं का, असा बाँडचा प्रश्न कधी मतपत्रिकेवर आला, तर डॉलरचा आकडा बघालच. पण सुनावणीला जाऊन एवढंच विचारा, आतून मोजलंत की रस्त्यावरून? आणि नकाशातले ते न रंगवलेले चौकोन कुठल्या पत्त्यावर आहेत?

चला. वहिनी, विविध भारतीचं राहिलं, ते वडा खाताना. आणि ते तिघे, त्यांनी माझ्या टेबलाशी बसा, मी अर्जाची प्रत आणलीय.