शंका अनुत्तरित ठेवताना

दाराला कुलूप लावलेले असते, ते ओढूनही पाहिलेले असते. तरीही दोन पायऱ्या उतरताच मनात शंका येते, की ते नीट लागले असेल ना? अशी शंका कुणालाही येते. ओसीडी (ऑब्सेसिव्ह कंपल्सिव्ह डिसऑर्डर), म्हणजेच मंत्रचळ, हा मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला मात्र मागे फिरल्यावाचून राहवत नाही. कुलूप पुन्हा ओढले की क्षणभर हायसे वाटते आणि दुर्दैवाने त्या हायसे वाटण्यामुळेच पुढची शंका अधिक बळावते.

हे चक्र तोडता येते. १९६६ मध्ये मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयर यांनी लंडनमधील दोन रुग्णांवरील उपचारांची माहिती प्रसिद्ध केली. ज्या गोष्टींची भीती वाटे त्यांना रुग्णांनी सामोरे जायचे आणि त्यानंतरची ठरावीक कृती मात्र करायची नाही, अशी ती पद्धत होती. ‘एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन’ ही आजची प्रमुख उपचारपद्धती त्यातूनच पुढे विकसित झाली. त्यात रुग्ण स्वतःच्या संमतीने, तुलनेने सोप्या प्रसंगापासून सुरुवात करतो: कुलूप एकदाच लावायचे, मागे वळून न पाहता निघायचे आणि छातीतली धडधड सोबत घेऊनच पुढची कामे करायची. हे बाहेरून क्षुल्लक दिसते. करणाऱ्याला त्यासाठी किती धैर्य लागते, हे आपण ओळखायला हवे.

फ्लुओक्सेटिन किंवा सर्ट्रालिन यांसारख्या औषधांचीही अनेकांना मदत होते. परंतु त्यांचा परिणाम दिसायला बहुधा ८ ते १२ आठवडे लागतात आणि ती डॉक्टरांना न विचारता बंद करू नयेत.

सर्वांत अवघड भाग घरच्यांच्या वाट्याला येतो. ‘लागलंय ना गं कुलूप?’ या प्रश्नाला आई मायेपोटी दहा वेळा ‘हो’ म्हणते आणि तिच्या नकळत तीही त्या चक्रात ओढली जाते. अचानक गप्प बसणे किंवा रागावणे हा त्यावरचा उपाय नव्हे. उपचारकासमोर आधीच ठरवून घेतले, तर तिला शांतपणे म्हणता येते, ‘तुझी घालमेल मला दिसतेय, मी इथेच आहे, पण याचं उत्तर द्यायचं नाही, असं आपलं ठरलंय ना?’

बरे होताना नको ते विचार पूर्णपणे थांबतातच असे नाही. ते आले तरी दिवस त्यांच्या ताब्यात जात नाही. जागरण, आजारपण किंवा परीक्षेच्या काळात जुनी सवय पुन्हा डोके वर काढू शकते, म्हणून तेव्हा कोणता सराव सुरू करायचा आणि कुणाला कळवायचे, हे उपचार संपण्यापूर्वीच लिहून ठेवले जाते.