माळावरच्या गारगोट्या आणि परतलेला पाऊस

श्रोतेहो, नमस्कार.

हिमयुग म्हटलं की बर्फच आठवतो. आपल्या मराठवाड्यावर मात्र तेव्हाही बर्फ नव्हता. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी हिमयुग ऐन भरात होतं, उत्तरेकडच्या बर्फात अफाट पाणी अडकलं होतं आणि आपल्याकडचा पावसाळा पार मंदावला होता. दुष्काळ म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. ही कोरड हजारो वर्षं टिकली.

कन्नडचा घाट उतरून चाळीसगावकडं गेलं की जवळच पाटणे गाव आहे. तिथल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्यांची कवचं सापडली, त्यांचे मणी सापडले आणि नक्षी कोरलेला एक तुकडाही. काळ सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचा. शहामृग हा उघड्या, गवताळ मुलखातला पक्षी. तो आपल्या उंबरठ्यावर हिंडत होता! त्या दिवसांतही कुणाला तरी कवचावर रेघा ओढाव्याशा वाटल्या, याचं मला फार अप्रूप वाटतं.

सुमारे ११,७०० वर्षांपूर्वी हिमयुग सरलं. पाऊस परतला, झाडी दाटली, शिकारीची तऱ्हा बदलली. दगडातून हत्यारासाठी बारीक, धारदार पाती काढण्याची कला आधीपासूनच होती, आता ती जिकडंतिकडं पसरली. मुरमाड माळावर कधी नीट बघा. आपल्या काळ्या खडकाच्या पोकळ्यांत तयार झालेल्या गारा, म्हणजे गारगोट्या, आणि अकीक तिथं विखुरलेले असतात. त्यातला एखादा खडा बोटाएवढा, आणि त्याच्या अंगावर वरून खाली सरळ, समांतर खाचा. एकेका खाचेतून एकेक पातं निघालेलं. पातं जेमतेम नखाएवढं रुंद, पण धार अशी की आजही बोट कापेल. अशी चार-पाच पाती लाकडाच्या किंवा हाडाच्या खोबणीत डिंकानं ओळीनं बसवायची. एक मोडलं तर तेवढंच बदलायचं. जुनी दगडी कुऱ्हाड मुठीत धरायची होती, हे जोडून केलेलं हत्यार होतं.

शेती आपल्याकडं फार उशिरा आली. पैठणजवळचं आपेगाव आपण ज्ञानेश्वर माउलींचं म्हणून ओळखतो. तिथंच ताम्रपाषाण काळातली, म्हणजे तांबं आणि दगड दोन्हींची हत्यारं वापरायच्या काळातली, तीन हजार वर्षांपूर्वीची वस्ती उत्खननात सापडली आहे. तेव्हाच्या शेतकऱ्यांना तांबं ठाऊक होतं, पण ते दुर्मीळ. रोजच्या कापाकापीला हीच गारेची पाती चालत. पाषाणयुग असं एका दिवसात संपलं नाही.

श्रोतेहो, असं पातं दिसलं तर खिशात घालू नका. सुट्या पात्यावरून काळ कळत नाही, तो शेजारच्या तुकड्यांवरून आणि मातीच्या थरावरून कळतो. जागेवरच फोटो काढा आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या इतिहास विभागाला किंवा राज्याच्या पुरातत्त्व खात्याला कळवा. मुरमासाठी माळ झपाट्यानं पोखरले जात आहेत. जेसीबी लागायच्या आत कळवा.

नमस्कार.