सम्राटाच्या झग्यामागचा माग

[लाकडी माग, कॅमेरा खालून हळूहळू वर]

साडेपाच मीटर लांब, चार मीटर उंच असा हा लाकडी माग. एक माणूस वर बसलाय, एक खाली. चीनमधल्या नानजिंग शहरात ‘युनजिन’, म्हणजे ढगांचा किनखाप, आजही असाच दोघांनी मिळून विणला जातो. इथलं कापड एके काळी थेट राजवाड्यात जायचं, सम्राटाच्या अंगावर.

[वरचा कारागीर, दोऱ्या ओढणारे हात]

वरच्याचे हात बघा. समोरच्या सुती दोऱ्यांत सगळी नक्षी आधीच बांधून ठेवलेली आहे. कोणती दोरी ओढली की ताण्यातले, म्हणजे उभे, कोणते धागे उचलले जाणार, हे विणायला बसण्याआधीच ठरलेलं. ड्रॅगनचा डोळा, मिशा, पंजाची नखं, सगळं या दोऱ्यांत. नखं पाच, कारण पाच नखांचा ड्रॅगन सम्राटाचा. वरचा ओढतो, खालचा बाणा, म्हणजे आडवा धागा, घालतो. दोघांची लय चुकली की नक्षी चुकलीच.

[रंगीत कांड्या, अगदी जवळून]

खालच्याच्या हाताशी रंगीत रेशमाच्या कांड्या. नक्षीत जेवढा हिरवा, तेवढ्यापुरताच हिरवा धागा जातो आणि तिथूनच मागे वळतो. शेजारच्या लालसाठी दुसरी कांडी. येवल्यात पैठणीचा पदर विणताना ज्यांनी पाहिलाय, त्यांना हे हात ओळखीचे वाटतील.

[मोरपीस, मग दिव्याखाली धागा]

आणि हा धागा मोरपिसाचा. पिसाचा एकेक तंतू सोडवायचा, रेशमाच्या धाग्याभोवती पीळ देत गुंडाळायचा. तो संपला की पुढचा जोडायचा. तंतू फार तर बोटभर. असा कित्येक मीटर धागा तयार व्हावा लागतो, तेव्हा कुठे तो मागावर चढतो. कापड जरा कलतं धरा. आत्ता हिरवं होतं, आता निळं. रंगाऱ्याला हे साधणार नाही.

दोघं दिवसभर राबले की कापड पुढे सरकतं पाच-सहा सेंटीमीटर.

[दिंगलिंगच्या भूमिगत दालनाकडे उतरणाऱ्या पायऱ्या]

बीजिंगच्या उत्तरेला मिंग सम्राटांच्या समाध्या आहेत. त्यातली ही दिंगलिंग. 1620 साली मरण पावलेला वान्ली सम्राट आणि त्याच्या दोन सम्राज्ञी इथे होत्या. 1956 ते 1958 या काळात हे उत्खनन झालं.

[सोन्याचा टोप, मग सम्राज्ञीचा मुकुट]

हा वान्लीचा टोप. हासुद्धा विणलेलाच आहे, सोन्याच्या तारेनं. तार इतकी बारीक की टोपाची जाळी जवळजवळ आरपार दिसते. आणि हा सम्राज्ञीचा मुकुट, हजारो मोत्यांनी मढवलेला. त्यावरचा निळा मीनाकारीचा नाही, खंड्या पक्ष्याच्या पिसांचा आहे. पिसं कापून, चिकटवून बसवली आहेत.

[रेशमाचे ठाण, जुनी छायाचित्रं]

पण आम्ही थांबलो ते या ठाणांपाशी. सम्राटासोबत न शिवलेल्या रेशमाचे ठाणच्या ठाण पुरले होते. काहींवर कागदी चिठ्ठ्या होत्या. लांबी किती, कुठे विणलं, आणि विणणाऱ्या कारागिराचं नाव. राजाच्या समाधीत विणकराचं नाव! हे रेशीम कोणाच्या हातचं, ते दरबाराला माहीत होतं. आज संग्रहालयात काचेसमोर उभं राहून आपण फक्त ‘वान्लीचा झगा’ म्हणतो.

[विटलेलं कापड]

हवा लागल्यावर यातलं बरंच रेशीम काळवंडलं, कडक झालं, विरलं.

[पुन्हा नानजिंग, झगमगणारं नवं कापड]

दिंगलिंगमधल्या, मोरपिसाच्या धाग्यानं विणलेल्या एका राजवस्त्राच्या कापडाची प्रतिकृती नानजिंगच्या विणकरांनी केली. आधी जुन्या कापडाची वीण समजून घेतली, मग दोऱ्यांत नक्षी नव्यानं बांधली, पिसाचा धागा वळायला ते पुन्हा शिकले. 1979 मध्ये काम हाती घेतलं, 1984 मध्ये पुरं झालं. 2009 साली युनेस्कोनं या कलेला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

[संध्याकाळ, वरचा कारागीर खाली उतरतो]

वरचा खाली उतरला. खालच्यानं कांड्या एका बाजूला लावून ठेवल्या. मागावरच्या ड्रॅगनच्या पंजाचं तिसरं नख निम्मं झालंय.